आठ-दहा सेकंदांचं काम: घरातला आणि गाडीतला फायर एक्स्टिंग्विशर

एक किलोचा पावडरचा एक्स्टिंग्विशर दाबून धरला की आठ-दहा सेकंदांत रिकामा होतो. सहा किलोचा पंधरा सेकंदांच्या आसपास टिकतो. एवढंच. पेटलेलं घर विझवणं हे त्याचं काम नाही. नुकती लागलेली, कचऱ्याच्या बादलीएवढी आग तिथल्या तिथे मोडायची, नाहीतर दारापर्यंतची वाट मोकळी करून बाहेर पडायचं, इतक्यासाठीच तो असतो. हे मनात पक्कं झालं की कोणता घ्यायचा, किती किलोचा, कुठे टांगायचा हे प्रश्न सोपे होतात. त्या आठ सेकंदांच्या वेळी तो हाताशी असायला हवा, उचलता यायला हवा आणि त्यात दाब शिल्लक असायला हवा. तिसरी अट सगळ्यात आधी मोडते, आणि मोडलेली बाहेरून चटकन दिसत नाही. म्हणून खाली खरेदीपेक्षा देखभालीवर जास्त लिहिलं आहे.

लेबल वाचताना

आगीचे वर्ग अक्षरांनी दाखवतात. 'ए' म्हणजे लाकूड, कागद, कापड, गादी, म्हणजेच निखारे धरून ठेवणाऱ्या घन वस्तू. 'बी' म्हणजे पेट्रोल, डिझेल, थिनर, रंग असे द्रव. 'डी' म्हणजे मॅग्नेशियमसारखे धातू. घरात त्याचा संबंध क्वचितच येतो. गोंधळ 'सी'पाशी होतो. भारतात आणि युरोपात 'सी' म्हणजे ज्वलनशील वायू, तर अमेरिकन पद्धतीत 'सी' म्हणजे वीज चालू असलेली उपकरणं. तळणाच्या तेलाची आग युरोपीय लेबलावर 'एफ' असते, अमेरिकन लेबलावर 'के'. त्यामुळे परदेशी बनावटीचा एक्स्टिंग्विशर (पुढे नुसतं 'सिलिंडर') घेताना नुसतं अक्षर बघू नका, शेजारचं चित्र बघा.

अक्षराआधीचा आकडा तर आणखी फसवा. युरोपीय '13ए' म्हणजे चाचणीत 1.3 मीटर लांबीची लाकडाच्या पट्ट्यांची रास विझली, आणि '34बी' म्हणजे 34 लिटर द्रव भरलेल्या ताटातली आग विझली (त्यात एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश इंधन असतं). अमेरिकन '1-ए' म्हणजे सुमारे पावणेपाच लिटर पाण्याइतकी ताकद, आणि '10-बी' म्हणजे नवख्या माणसाला साधारण दहा चौरस फुटांची द्रवाची आग विझवता येईल असा अंदाज. या दोन पद्धतींच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नका. एकाच पद्धतीतल्या दोन सिलिंडरांची मात्र जरूर करा. एकाच वजनाच्या दोन सिलिंडरांचे आकडे वेगळे निघतात, कारण आतली पावडर दर्जाने हलकी-भारी असते.

मानकाचा क्रमांक लेबलावर हवाच. भारतात आयएस 15683, युरोपात ईएन 3, अमेरिकेत पावडरसाठी यूएल 299. नुसतं 'उच्च दर्जा' छापलेलं असेल आणि क्रमांक नसेल, तर तो सिलिंडर परत फळीवर ठेवा.

आत काय भरलेलं असावं

घर आणि गाडी दोन्हीसाठी पहिला सिलिंडर एबीसी पावडरचाच घ्या. ही पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. ती ज्वाळेतली रासायनिक साखळी तोडते, आणि लाकूड-कापडावर पडली की उष्णतेने वितळून त्यावर चिकट थर धरते, त्यामुळे निखाऱ्याला हवा मिळत नाही. लेबलावर फॉस्फेटचं प्रमाण टक्क्यांत दिलेलं असतं: 40, 50, 90. बाकी भरताड असतं. घन वस्तूंच्या आगीवर जास्त टक्केवाली पावडर सरस ठरते. थोडे जास्त पैसे द्यायचेच असतील तर ते इथे द्या, चकचकीत रंगावर नको.

बीसी पावडर म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट. द्रव आणि वायूंच्या आगीवर ती उत्तम चालते, पण गादीच्या किंवा लाकडाच्या आगीवर ज्वाळा विझून निखारा तसाच राहतो आणि थोड्या वेळाने पुन्हा भडकतो. घरातली बहुतेक जळणारी वस्तू कापड, कागद आणि लाकूड असताना एकुलता एक सिलिंडर बीसीचा घेण्यात अर्थ नाही.

पावडरचे दोन दोष आधीच माहीत असू द्या. ती थंडावा देत नाही, म्हणजे विझल्यासारखी वाटलेली आग पुन्हा पेटू शकते. आणि बंद खोलीत मारली की दोन सेकंदांत समोरचं काही दिसत नाही, श्वास घेताना ठसका लागतो. म्हणून ती मारायच्या आधी दार आपल्या पाठीशी आहे ना, हे बघायचं.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मागे घाण ठेवत नाही. म्हणून विजेच्या पॅनेलसाठी आणि महागड्या यंत्रांसाठी तो चांगला. पण त्याचा फवारा मीटर-दीड मीटरच्या पलीकडे फारसा काम करत नाही, उघड्यावर वाऱ्याने उडून जातो, आणि लहान कोंदट खोलीत माणसाच्याच वाट्याचा प्राणवायू कमी करतो. 20 अंशांना त्याच्या आत सुमारे 57 बार (बार हे दाबाचं एकक) दाब असतो. 31 अंशांच्या वर आतला द्रव द्रव राहतच नाही आणि दाब झपाट्याने चढतो. उन्हात उभ्या गाडीत तो ठेवला तर सुरक्षा चकती फुटून गॅस निघून जातो. गाडीसाठी तो बाद.

फोमचा सिलिंडर घन आणि द्रव दोन्हींवर चालतो, थंडावाही देतो. पण जुन्या प्रकारच्या फोममधली फ्लोरिनयुक्त रसायनं पर्यावरणात टिकून राहतात म्हणून ठिकठिकाणी बंद होत चालली आहेत. नवा घ्यायचाच तर फ्लोरिनविरहित बघा. तळणाच्या तेलासाठी खास पोटॅशियम क्षारांचं द्रावण भरलेला 'एफ' किंवा 'के' वर्गाचा सिलिंडर मिळतो. ते द्रावण गरम तेलाशी मिसळलं की साबणासारखा थर तयार होतो आणि तेल थंडही होतं. मोठ्या प्रमाणावर तळण होत असेल तिथे तो लागतो. साध्या घरात झाकण पुरतं, त्याबद्दल पुढे.

हॅलॉन (आग विझवणारा एक वायू) भरलेला जुना सिलिंडर कुठून वारशात आला असेल तर तो वापरात ठेवू नका. ओझोनच्या थराला घातक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत त्याचं उत्पादन 1994 पासून बंद झालं. तो भरून मिळणार नाही, आणि गॅस बाहेर सोडून देणंही चुकीचं.

स्प्रेच्या डब्यासारखे अर्धा लिटरचे छोटे फवारे आणि आगीत टाकायचे चेंडू हल्ली बरेच दिसतात. फवारा लहान आगीवर पहिला हात म्हणून ठीक आहे. पण त्याला गेज (आतला दाब दाखवणारी सुईची तबकडी) नसतं, तो भरून मिळत नाही आणि त्याची मुदत काही वर्षांचीच असते. चेंडूला निशाणा नाही, आणि तो फुटेपर्यंत थांबावं लागतं. मुख्य सिलिंडराच्या जागी दोन्हीपैकी काहीच नको.

किती किलोचा

सहा किलोचा सिलिंडर म्हणजे फक्त पावडर सहा किलो. पत्रा, व्हॉल्व, होज (फवारा सोडायची लवचीक नळी) धरून वजन नऊ-दहा किलोंपर्यंत जातं. घरात दिवसभर जी व्यक्ती असते तिला तो एका हाताने खुंटीवरून उतरवता येत नसेल, तर सहा किलोची ताकद कागदावरच राहिली. दुकानात स्वतः उचलून बघा, आणि जमल्यास घरातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसालाही उचलायला लावा. बहुतेक घरांना चार किलोचा एक मुख्य दाराजवळ आणि दोन किलोचा एक स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, ही जोडी जमते. मजले जास्त असतील तर प्रत्येक मजल्यावर एक. दोन किलोंच्या खाली घरासाठी जाऊ नये.

गाडीत एक किलो ही किमान मर्यादा समजा. पाचशे ग्रॅमचा शोभेचा असतो. गाडी मोठी असेल किंवा गॅसवर चालत असेल तर दोन किलोचा.

दुकानात हातात घेतल्यावर

आधी तळ बघा किंवा अंगावरचा ठोकलेला महिना-वर्ष शोधा. 'नवा' म्हणून हातात दिलेला सिलिंडर गोदामात दोन-तीन वर्षं पडून असू शकतो, आणि आयुष्याची गणती उत्पादनाच्या तारखेपासून होते, खरेदीच्या नाही. मग गेजची सुई हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा. सुई पट्ट्याच्या अगदी डाव्या काठाला टेकलेली असेल तर दुसरा मागा. त्याची गळती बहुधा सुरू झालेली आहे.

व्हॉल्व धातूचा हवा, शक्यतो पितळी. प्लॅस्टिकचं डोकं असलेले सिलिंडर स्वस्त असतात, पण उष्णतेने आणि वर्षांनुवर्षांच्या दाबाने प्लॅस्टिक थकतं, आणि त्यातले बरेचसे पुन्हा भरताच येत नाहीत. पिन आहे का, तिला पातळ प्लॅस्टिकचं सील अडकवलेलं आहे का, हे बघा. सील इतकं नाजूक असावं की पिनेला पीळ दिला की तुटावं. काही दुकानदार पिन हरवू नये म्हणून जाड तार किंवा केबल टाय गुंडाळतात. असा सिलिंडर आगीच्या वेळी उघडणारच नाही. दोन किलोंच्या वरच्या सिलिंडराला होज हवी, आणि ती अंगाला क्लिपने धरलेली हवी. शेवटी तळाची कड: खाली प्लॅस्टिकचा बूट असेल तर तो काढून आत गंज आहे का ते बघा. पाणी नेमकं तिथेच साचतं.

घरात जागा

गॅसच्या ओट्याशेजारी टांगलेला सिलिंडर ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. आग ओट्यावर लागली की तिथपर्यंत पोचायचं कसं? तो बाहेर जाण्याच्या वाटेवर हवा. म्हणजे तो घ्यायला जाताना आपण आपोआप दाराकडे जातो, आणि आग हाताबाहेरची वाटली तर तसेच बाहेर पडतो. स्वयंपाकघरातला असेल तर दाराच्या बाहेरच्या बाजूला, ओट्यापासून निदान दोन-तीन मीटर लांब.

मूठ जमिनीपासून साधारण एक ते दीड मीटर उंचीवर यावी आणि तळ जमिनीला टेकू नये, दहा सेंटिमीटर तरी वर हवा. फरशी पुसताना जमिनीवरच्या सिलिंडराचा तळ रोज ओला होतो आणि दोन-तीन वर्षांत गंजतो. भिंतीला नुसता खिळा नको. ब्रॅकेट आणि योग्य प्लग-स्क्रू लावा. पडद्यामागे, कपाटात, चपलांच्या रॅकमागे ठेवलेला सिलिंडर असून नसल्यासारखा. दिसायला वाईट दिसतो म्हणून तो लपवायचा मोह होतो. लपवू नका.

गाडीत जागा

'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण डिकीत ठेवलेल्या एक्स्टिंग्विशरला चपखल बसते. मागून धडक बसली तर डिकी उघडत नाही. गॅसची टाकीही बऱ्याचदा तिथेच असते. चांगली जागा म्हणजे पुढच्या प्रवाशाच्या सीटखाली पुढच्या कडेला, किंवा चालकाच्या सीटच्या पुढे पट्टीला बोल्टने बसवलेल्या धातूच्या ब्रॅकेटमध्ये. बसल्या जागेवरून हात पोचला पाहिजे. ब्रॅकेटला झटक्यात सुटणारी पट्टी हवी. वेल्क्रो किंवा रबराचा पट्टा कालांतराने सैल होतो.

सुटा सिलिंडर चालकाच्या पायाशी कधीच ठेवू नका. ब्रेक मारताच तो पुढे घरंगळतो आणि पेडलखाली अडकतो. अपघातात तोच दोन-अडीच किलोंचा धातूचा गोळा होऊन आत उडतो.

उन्हाचा प्रश्न खरा आहे, पण पावडरच्या सिलिंडराबाबत भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. 27 अंशांना 15 बार असलेला दाब 60 अंशांना साधारण 17 बारच्या आत-बाहेर जातो. सिलिंडर त्याच्या कितीतरी वरच्या दाबाला तपासलेला असतो. दुपारी सुई हिरव्याच्या उजव्या काठाकडे सरकलेली दिसली तर घाबरू नका, सकाळी थंडाव्यात पुन्हा बघा. मात्र लेबलावरची तापमानाची मर्यादा वाचा (बऱ्याच सिलिंडरांवर वरची मर्यादा 55 किंवा 60 अंश असते), आणि डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेखालच्या फळीवर ठेवू नका. तिथे थेट ऊन पडतं. सीटखाली सावली असते.

महिन्याची दोन मिनिटं

गेजच्या काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा. सुई अडकलेली असेल तर हलेल. ती हिरव्या पट्ट्यात हवी, आणि महिन्यागणिक डावीकडे सरकत नाही ना, हे लक्षात ठेवायला मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पिन जागेवर, सील अखंड. सील तुटलेलं असेल तर कुणीतरी खेळलं आहे असं समजून वजन करा.

नोझलमध्ये डोकावून बघा. कोळ्याचं जाळं आणि कुंभारीण माशीने लिंपलेलं मातीचं घरटं हे प्रकार अगदी सर्रास आढळतात. बारीक काडीने काढा, आतून फुंकू नका. होज वाकवून बघा, भेगा दिसल्या तर ती बदलायची वेळ झाली. तळ आणि वेल्डिंगची शिवण गंजासाठी तपासा. रंगाखाली फोड आलेला असेल तर तो नखाने खरवडून बघा. खालचा पत्रा खोलगट लागला तर सिलिंडर काढून टाकायचा, वरून रंग मारायचा नाही.

आता पावडर. ती हलत नाही तेव्हा बसते, आणि गाडीत तर रस्त्याच्या धक्क्यांनी तळाशी घट्ट दाबली जाते. सिलिंडर सरळ धरा, मग सावकाश पूर्ण उलटा करा आणि हाताला काय जाणवतं ते बघा. चांगली पावडर वाळूसारखी सळसळत खाली येते, वजन एका टोकाकडून दुसरीकडे सरकल्याचं कळतं. काहीच सरकलं नाही किंवा एकदम धप्पकन ढेकूळ पडल्यासारखं वाटलं, तर दोन-चार वेळा उलटसुलट करा. तरीही तसंच असेल तर आत ओल गेली आहे आणि भरणी बदलावी लागेल. हातोडीने तळ ठोकण्याचा उपाय काही जण सांगतात. त्याने पत्र्याला पोचा पडतो, पावडर मात्र मोकळी होत नाही. घरातल्यासाठी हे तीन महिन्यांतून एकदा पुरे, गाडीतल्यासाठी दर महिन्याला करा.

वजन हा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. प्रवासी बॅगा तोलायचा आकड्याचा लटकता काटा चालतो. लेबलावर भरलेल्या सिलिंडराचं एकूण वजन दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडराला गेज नसतंच, त्यामुळे त्याची दुसरी कोणतीच परीक्षा नाही. गॅसचं वजन दहा टक्क्यांनी घटलं की तो भरायला द्यायचा. दोन किलोच्या सिलिंडरात ही घट म्हणजे फक्त 200 ग्रॅम. सुई हळूहळू उतरत असेल आणि गळती कुठे ते कळत नसेल, तर साबणाचं पाणी ब्रशने गेजच्या आट्यांवर आणि व्हॉल्वच्या मानेवर लावा. बुडबुडा धरला की जागा सापडली.

एक गोष्ट मात्र कधीही करायची नाही: चालतो का बघू म्हणून छोटीशी फुर्र मारणं. पावडरचा कण व्हॉल्वच्या बैठकीत अडकतो, व्हॉल्व पूर्ण मिटत नाही आणि त्या फटीतून दाब गळत राहतो. एक-दोन दिवसांतच सुई शून्यावर आलेली असू शकते. आगीवर अर्धा वापरलेला सिलिंडरही याच कारणाने लगेच भरायला द्यायचा, 'अजून अर्धा आहे' म्हणून परत टांगायचा नाही.

भरून घेताना फसगत कुठे होते

रिफिलच्या नावाखाली नुसतं स्टिकर बदलून मिळतं, ही ग्राहकांची नेहमीची तक्रार, आणि ती निराधार नाही. सिलिंडर देण्याआधी वजन आणि गेजचा फोटो घ्या, व्हॉल्व आणि सिलिंडराच्या सांध्यावर मार्करने एक बारीक आडवी रेघ ओढा. परत आल्यावर रेघेची दोन्ही टोकं तंतोतंत जुळलेली असतील तर डोकं बहुधा उघडलेलंच नाही. काही देशांत सेवा करणाऱ्याने व्हॉल्वखाली तारीख असलेली पातळ कडी घालणं बंधनकारक असतं; व्हॉल्व पूर्ण काढल्याशिवाय ती जातच नाही. अशी कडी मागायला हरकत नाही.

भरणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. पावडर नवी की जुनीच चाळून? एबीसीच्या सिलिंडरात एबीसीच ना? फॉस्फेट आणि बायकार्बोनेट एकत्र आले आणि थोडी जरी ओल मिळाली, तर ते एकमेकांशी अभिक्रिया करतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो, गुठळ्या होतात आणि दाबही वाढतो. म्हणून पावडर बदलताना सिलिंडर आतून पूर्ण साफ आणि कोरडा करावा लागतो. तिसरं, दाब कोरड्या नायट्रोजनचा भरणार की साध्या कॉम्प्रेसरच्या हवेचा? साध्या हवेतली ओल आत जाते आणि वर्षभरात पावडरचा दगड होतो. मानेतली रबरी ओ-रिंग बदलून जुनी हातात द्यायला सांगा. ती चपटी आणि कडक झालेली असेल तर गळतीचं कारणही कळेल.

सिलिंडराच्या पत्र्याची पाण्याच्या दाबाखाली होणारी चाचणी वेगळी. तिची मुदत देशागणिक आणि प्रकारागणिक बदलते: कुठे तीन वर्षं, कुठे पाच, कुठे दहा-बारा. आपल्याकडचा नियम आणि लेबल यांत जी मुदत कमी असेल ती धरा. पुन्हा न भरता येणारे सिलिंडर उत्पादनापासून जास्तीत जास्त बारा वर्षांत बाद करायचे, सुई हिरव्यात असली तरी.

वापरताना

आधी ओरडून सगळ्यांना बाहेर काढा, अग्निशमन दलाला फोन करायला एकाला सांगा. आग आपल्यापेक्षा उंच गेली असेल, छताला धूर साचला असेल किंवा आगीच्या पलीकडे दार असेल, तर सिलिंडराला हात न लावता निघा आणि जाताना दार ओढून घ्या.

पिन निघत नाही, हा घाबरलेल्या माणसाचा ठरलेला अनुभव. कारण साधं आहे: एका हाताने सिलिंडरच्या दोन्ही मुठी (खालची धरायची, वरची दाबायची) आवळलेल्या असतात आणि दुसऱ्याने पिन ओढली जाते. मुठी आवळल्या की पिन भोकात दाबली जाते. सिलिंडर जमिनीवर ठेवा किंवा फक्त खालची मूठ धरा, पिनेला पीळ देऊन सील तोडा, मग सरळ ओढा. त्यानंतर नोझल धरा, दोन-अडीच मीटरवर उभे राहा, उघड्यावर असाल तर वारा पाठीवर घ्या. ज्वाळेच्या शेंड्यावर मारलेली पावडर वाया जाते; बुडाशी नेम धरा, मूठ दाबा आणि डावी-उजवीकडे झाडल्यासारखं फिरवत पुढे सरका. कार्बन डायऑक्साइडचा असेल तर भोंगा (गॅस बाहेर सोडणारं रुंद तोंड) हाताने धरू नका, तो गोठतो आणि कातडी चिकटते. विझल्यावर पाठ न फिरवता मागे या आणि काही मिनिटं लक्ष ठेवा.

कढईतलं तेल पेटलं तर पहिलं हत्यार झाकण. गॅस बंद करा, झाकण बाजूने सरकवत ठेवा आणि पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका. तेल 350 अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं. झाकण लवकर काढलं की हवा मिळून पुन्हा भडकतं. पाणी कधीच नाही. तेलाखाली गेलेलं पाणी क्षणात वाफ होतं, सतराशेपट फुगतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. पावडर मारायची वेळ आलीच तर लांबून, कारण जवळून मारलेला झोत कढईतलं तेल बाहेर फेकतो.

गॅसच्या नळीतून किंवा सिलिंडरातून ज्योत येत असेल तर आधी व्हॉल्व बंद करा. व्हॉल्व बंद होत नसताना ज्योत विझवली तर गॅस गळतच राहतो, खोलीत साचतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. विजेच्या आगीत आधी मेन स्विच. लिथियम बॅटरीच्या आगीत पावडर ज्वाळा दाबते, पण आतली उष्णतेची साखळी थांबत नाही. मोबाइल-लॅपटॉपएवढ्या बॅटरीला भरपूर पाण्याने गार करणं बरं; चार्जरला जोडलेली असेल तर आधी वीज तोडून. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी पेटली तर एक किलोचा सिलिंडर हातात घेऊन तिच्याजवळ जाऊच नका.

बॉनेटमधून धूर येऊ लागला की गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा (त्याने इंधनाचा पंपही थांबतो), सगळ्यांना उतरवून निदान तीस मीटर लांब पाठवा. मग बॉनेटची आतली खटकी ओढा, पण बॉनेट उचलू नका. पूर्ण उघडलं की ताजी हवा आत घुसते आणि ज्वाळा तोंडावर येते. खटकी ओढल्यावर पडलेल्या बोटभर फटीतून, पुढच्या जाळीतून किंवा चाकाच्या कमानीतून पूर्ण सिलिंडर आत सोडा. उभं राहायचं ते कोपऱ्याला तिरकं. बंपर आणि टायरच्या सरळ रेषेत नको. सिलिंडर संपला आणि आग राहिली, तर तुमचं काम संपलं, लांब जा.

नंतरची साफसफाई

पावडर दिसते त्यापेक्षा फार लांब पसरते. आधी कोरडीच काढा, बारीक धूळ धरणारी पिशवी असलेल्या व्हॅक्यूमने. ओल्या फडक्याने सुरुवात केली की चिखल होतो आणि फॉस्फेट ओलं झालं की आम्लधर्मी होऊन अॅल्युमिनियम, तांबं आणि सर्किट बोर्ड खायला लागतं. कोरडी काढून झाल्यावर गरम पाण्यात थोडा खाण्याचा सोडा विरघळवून पुसा, मग साध्या पाण्याने, मग कोरडं. बीसी पावडर उलट अल्कधर्मी. तिला पातळ केलेलं व्हिनेगर. इंजिनवर मारली असेल तर एअर फिल्टर बदलल्याशिवाय आणि सगळं साफ झाल्याशिवाय गाडी सुरू करू नका. हे काम एक-दोन दिवसांत उरकायचं.

बाद झालेला सिलिंडर कचऱ्यात किंवा भंगारात तसाच टाकू नका. भट्टीत किंवा कापताना दाब असलेलं नळकांडं फुटतं. त्याला भोक पाडू नका. भरून देणाऱ्याकडे किंवा अग्निशमन दलाकडे द्या, दाब सोडून व्हॉल्व काढल्यावरच पत्रा भंगारात जातो. आणि तो जाण्याआधी, मोकळ्या मैदानात, वारा पाठीवर घेऊन, घरातल्या प्रत्येकाला पिन काढून दोन-दोन सेकंद मारायला द्या. मुदत संपलेल्या पण गंज नसलेल्या, दाब असलेल्या सिलिंडराचा याहून चांगला उपयोग नाही.